दिवे वाढवा

आबाजी घारे कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस, पण तो दारात उभा राहिला की भल्या भल्या घरांत चुळबूळ सुरू व्हायची. त्याच्या खांद्याला एक लाकडी पेटी असे. पेटीत चाचणीचं मीटर, वायरी, एक पेचकस आणि कंपनीचं घड्याळ. कुठल्या घरात कोणती वस्तू किती वीज खाते हे मोजायचं आणि वर कळवायचं, हे त्याचं काम. पाठीमागे लोक त्याला वीजमोज्या म्हणत. तोंडावर आबा म्हणत आणि चहा विचारत. चहा पाजला की मीटर हळू फिरतं असा काही घरांचा पक्का समज होता. आबाजीनं तो कधी मोडला नाही, कारण चहाची त्याला गरज असायची.

साल एकोणीसशे त्रेचाळीस. लढाई लांब कुठेतरी चालली होती, पण तिचा जाच कर्जतच्या बाजारात रोज भेटायचा. साखर नाही, रॉकेल नाही, साधा खिळा मागितला तरी दुकानदार हसायचा. आबाजीची कंपनी तशी छोटीच. मोठ्या वीजघराकडून वीज घ्यायची आणि कर्जत, खालापूर, चौक, लोधिवली इथल्या थोड्याफार घरांना नि भातगिरण्यांना वाटायची. ती कंपनी आता राहिलेली नाही, तेव्हा नाव सांगून काही उपयोग नाही. तर या कंपनीला वरून वीज तोलूनमापून मिळू लागली आणि तिनं हुकूम काढला, की घरोघर जाऊन एकेक वस्तू मोजा. दिवा किती घेतो, पंखा किती, इस्त्री किती, रेडिओ किती. जो हद्दीबाहेर जाईल त्याची वायर कापा. हुकूम काढणारे खुर्चीत बसले आणि पेटी आबाजीच्या खांद्यावर आली.

मोजायची रीत सोपी होती. मीटरमध्ये एक चकती असते, तिच्यावर तांबडी खूण असते. घरात काही चालू असलं की चकती फिरते आणि ती खूण समोर येते, जाते, परत येते. आधी घरातलं एकूणएक मालवायचं आणि चकती थांबते का ते बघायचं. थांबली की मग एकेक वस्तू चालू करायची, चकतीकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं. काम फार सोपं आणि फार कंटाळवाणं. घरात माणसं जेवतात, भांडतात, पोरं रडतात, आणि हा आपला भिंतीकडे तोंड करून उभा, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा.

म्हणून उंबऱ्याच्या आत पाय टाकताना त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "बायांनो, दिवे वाढवा जरा."

हे वाक्य इथं नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उलटलं. आपल्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच दिव्याचं. दिवा विझव म्हटलं की घरातली म्हातारी कानावर हात ठेवते. शिकलेली माणसं मालवला म्हणतात, आणि कडावकडची कुळवाडी माणसं वाढवला म्हणतात. दिवा वाढवला म्हणजे गेला, पण वाईट बोलल्याचं पाप लागलं नाही. विजेचा दिवा आला, त्याला वात नव्हती, तेल नव्हतं, तरी बोलायची रीत तीच राहिली. बटण वर करायचं आणि म्हणायचं, वाढवला.

आबाजी पन्नाशी ओलांडलेला होता. पायांच्या टाचा भेगाळलेल्या, उजवा खांदा पेटीनं उतरलेला. खालापूरकडे जायला सर्व्हिस मोटार होती, पण पेट्रोलअभावी ती कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची. भाडं देऊन मोटार ढकलायची ही गंमत पहिल्या दोन खेपांना गंमत वाटली. नंतर आबाजी चालतच जाऊ लागला. चालून दमायचं तर निदान कुणावर उपकार नको, असं तो म्हणायचा. आठवडाभर तो कर्जतला कंपनीच्या गोदामात पथारी टाकून राही आणि रविवारी कडावला घरी जाई.

कडावला वीज नव्हती. गावाच्या डोक्यावरून मुंबईला जाणाऱ्या मोठ्या तारा गेल्या होत्या, पावसाळ्यात त्या सूं सूं करायच्या, पण खाली उतरून कुणाच्या घरात गेल्या नव्हत्या. आख्ख्या तालुक्याचे दिवे मोजणाऱ्याच्या घरी करंजेलाची पणती होती. पूर्वी रॉकेलची चिमणी असायची, पण रॉकेल मिळेनासं झालं तसं लोक करंजाच्या बियांचं तेल जाळू लागले. त्याला काळा, घशाशी येणारा धूर असतो.

आणि बायजाला धूर सोसत नव्हता. बायजा म्हणजे आबाजीची बायको. तिला दमा होता, तो आता इतका वाढला होता की चुलीजवळ ती बसूच शकत नसे. स्वयंपाक सून जना करायची. मुलगा मुंबईला कापडगिरणीत होता. अंधार पडला की पणती लागायची, बायजा खोकायला लागायची आणि हातानं खूण करायची, की वाढव. जना पणती वाढवायची. मग बायजा घराच्या मधल्या मेढीला, त्या लाकडी खांबाला पाठ लावून अंधारात बसून राहायची. आडवं पडलं की श्वास अडायचा. दार थंडीवाऱ्यातही उघडं ठेवायचं, कारण बंद घरात तिचा जीव कोंडायचा. असं किती वर्षं चाललं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

एकदा आबाजीनं तिला बैलगाडीत घालून कर्जतच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि धुरापासून लांब राहा म्हणून सांगितलं. जणू धूर हा शेजारचा कुणी माणूस आहे आणि त्याच्याकडे जायचं सोडलं की झालं. परत जायला गाडी नव्हती, म्हणून ती दोघं गोदामात थांबली. दिवेलागण झाली तसं आबाजीनं बटण खाली केलं. छताला एकच दिवा होता, अंगानं बारीक, उजेडानं पिवळा. बायजानं त्याला हात जोडले, मग बराच वेळ ती वर बघत राहिली.

"ह्याला धूर नाय?" तिनं विचारलं.

आबाजी म्हणाला, नाही, धूर नाही, वासही नाही. बायजा सिमेंटच्या पोत्याला टेकून बसली. दम होताच, पण ती घाबरलेली नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "उजेड असला म्हंजी दम लागला तरी भ्या वाटत नाय वो. अंधारात वाटतं, आता मी गेले तरी कुनाला दिसायचं नाय." एवढं बोलून तिचा डोळा लागला. आबाजीनं तिला इतकं शांत निजलेलं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहिलं असेल, नंतर नाही.

त्या दिवसापासून आबाजीच्या मनानं एकच धोशा घेतला. कंपनीची एक चाळ होती, कर्जत स्टेशनाच्या पलीकडे. नोकरांसाठी एका ओळीत एकेक खोली, आणि प्रत्येक खोलीत एक दिवा. त्यातली एक खोली श्रावणात रिकामी होणार होती. आबाजीनं अर्ज केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं कंपनीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्याला पगारवाढ नको होती, बढती नको होती. बायजाला बिनधुराचा उजेड हवा होता, बस्स. खोली कुणाला द्यायची ते नवे साहेब ठरवणार होते, आणि ज्याचं काम चोख त्याला ती मिळणार असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. आबाजीच्या कामावर तर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

नवे साहेब म्हणजे शेषाद्री. मद्रासकडचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण असल्या गोष्टीत साहेबाला दुष्ट करून टाकलं की आपलं काम हलकं होतं. कर्जतला बदली होताच त्यांनी पुस्तक आणून मराठी शिकायला घेतली होती. शिपायाशी, फिटरशी, गिऱ्हाइकाशी ते हट्टानं मराठीच बोलत. शब्द नीट लावून, जपून बोलत. बचतीचं त्यांना वेड होतं. कचेरीत दुपारी दिवा जळताना दिसला तर ते स्वतः उठून बटण वर करायचे.

आषाढ संपता संपता लोधिवलीच्या भातगिरणीवाल्या शेट्यांच्या घराचा आकडा एकदम फुगला. आदल्या महिन्याच्या दुपटीहून जास्त. आबाजी तेव्हा खालापूरच्या फेरीवर होता, म्हणून शेषाद्री साहेब शिपायाला घेऊन स्वतःच लोधिवलीला गेले.

तिथं झालं होतं असं. शेट्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला निखाऱ्यांची शेगडी नको, धूर होतो, म्हणून जावयानं मुंबईहून विजेची शेगडी धाडली होती. ती शेगडी बाजेखाली सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास चालू असे. मुलीची आजी चंद्राबाई घराची मालकीण. ती आबाजीच्या शब्दाबाहेर नव्हती. आबाजीनं सांगितलेलं, जेवणं झाली की दिवे वाढवत जा, तसे ती माजघरापासून ओटीपर्यंतचे सगळे दिवे वाढवी आणि अंधारात शेगडीजवळ नातीला आणि पणतवंडाला शेकत बसे. शेगडी वीज खाते हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दिवा उजेड देतो म्हणून वीज खातो. शेगडी उजेड देत नाही, नुसती तांबडी होते, मग ती कशाला खाईल? एक शेगडी दहा-बारा दिव्यांचं खाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि शेगडी घरात आहे हेच कुणी आबाजीला सांगितलं नव्हतं.

साहेब ओटीवर खुर्चीत बसले. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जाणार नाही, त्यामुळे शेगडी त्यांना दिसली नाही. त्यांनी चंद्राबाईला विचारलं, की आमचा माणूस तुम्हाला काय सांगून जातो. म्हातारी पदर सावरून कौतुकानं म्हणाली, "आबाजी लई चांगला मानूस. त्यानं सांगितलंय, रोज दिवे वाढवत जावा. मी रोज वाढवते."

साहेब पुस्तकात वाढवणे हा शब्द शिकले होते. त्याचा अर्थ, जास्त करणे, त्यांना ठाऊक होता. मीटरही तेच सांगत होतं. बरोबरच्या शिपायानं मध्ये बोलावं, तर त्याला त्या वाक्यात काही वावगं वाटलंच नाही. आपण रोज ज्या शब्दात राहतो त्याला दुसऱ्याच्या कानात काय रूप येतं हे कुणाच्या ध्यानात येतं?

दुसऱ्या दिवशी आबाजीला बोलावणं आलं. खोलीच्या अर्जाबद्दलच असणार, असं समजून तो टोपी झटकून, तोंड धुऊन गेला. साहेबांचा चेहरा पडलेला होता. एखाद्या माणसाबद्दल चांगलं मत करावं आणि ते बदलावं लागावं, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"आबाजी, लोधिवलीच्या घरी तुम्ही सांगितलं, दिवे वाढवा?"

"व्हय साहेब."

"त्याच एका घरी सांगितलं?"

"नाय साहेब. समद्या घरी सांगतो. ज्या घरी जाईन तितं आदी त्येच सांगतो."

साहेबांना वाटलं होतं माणूस नाही म्हणेल, सबब सांगेल. हा तर सरळ कबूल करत होता, वर त्याचे डोळे चमकत होते. चमकणारच. आबाजीला वाटलं, आपण एवढी वर्षं घरोघर दिवे वाढवायला लावले ते शेवटी साहेबाच्या कानावर गेलं. खोली मिळाली. तो आणखीही बोलला, की कुणी ऐकत नाही, पण मी सांगायचं सोडत नाही. साहेबांनी मान हलवली आणि जा म्हणून सांगितलं. त्या रविवारी आबाजी कडावला गेला तो जवळजवळ पळतच. बायजाला म्हणाला, बोचकं बांधायला घे.

खोली मिळाली सदूला. सदू लाइनमन, वर्षभरापूर्वी लागलेला, नुकतंच लग्न झालेला. आबाजीला फेऱ्यांवर ठेवलं हीच कृपा, असं कचेरीतून कळलं. का, ते कुणी सांगितलं नाही. आबाजीनंही विचारलं नाही. आपल्यासारख्याला का ते सांगतात कुठे? पेटी उचलून तो परत चालू लागला. पण आता घराघरात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की त्याची नजर चकतीवर ठरत नसे. कुणाच्या ओसरीवर दिवा उगाच जळताना दिसला की तो मनात चिडायचा. पूर्वी असा राग त्याला येत नव्हता. बायजानं बोचकं सोडून कपडे परत दांडीवर टाकले, हे तर त्याला फारच लागलं.

उलगडा झाला तो गणपती झाल्यावर. गुप्ते म्हणून कचेरीचे जुने कारकून होते. ते आईच्या दुखण्यापायी महिना-दीड महिना गावी गेले होते, ते परत आले. साहेब बोलता बोलता त्यांना म्हणाले, की आबाजीनं लोकांना जास्त दिवे लावायला शिकवावं याचं मला अजून नवल वाटतं. गुप्त्यांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा ते खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साहेबांना त्यांनी बांगडीपासून नारळापर्यंत सगळं समजावलं आणि मग गोदामात येऊन आबाजीला सांगितलं. आबाजीही हसला. हसण्यासारखंच होतं. हसता हसता तो गोदामाच्या पायरीवर बसला, आणि मग त्याला उठवेना.

साहेबांनी त्याला परत बोलावलं, आणि तो आत येताच ते उभे राहिले. चूक माझी झाली, म्हणाले; लोधिवलीची शेगडीही एव्हाना उघडकीस आली होती. कार्तिकात दुसरी खोली रिकामी होते आहे, ती तुमची, असा शब्दही दिला. मग खरोखरच्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "पण तुम्ही सरळ विझवा असं का म्हटलं नाही?"

"कसं म्हनायचं साहेब? कुना घरी बाळंतीन, कुना घरी म्हातारं खाटंला लागल्यालं. लोकांच्या घरात जाऊन इजवा म्हनायला जीभ वळत नाय माजी."

साहेबांनी थोडा विचार केला. ते म्हणाले, मग यापुढे सगळ्यांनी 'बंद करा' म्हणायचं. नळ बंद करतात, तसा दिवा बंद करा. कचेरीत तसा नियमच झाला. आबाजीला हा शब्द ऐकून कसंतरीच झालं. दुकान बंद होतं, सकाळी उघडतं. दार बंद होतं, उघडतं. त्यात कुणाचं वाईट नाही, कुणाला खटकत नाही, साहेबालाही कळतो. इतका साधा शब्द रोज आपल्या तोंडात होता आणि दिव्यासाठी तो आपल्याला सुचला नाही. घरोघरच्या बायकांना मात्र तो लगेच जमला.

सदूच्या कानावर ही हकीकत गेली तसा तो आपणहून गोदामात आला. म्हणाला, आबा, मी खोली सोडतो, तुम्ही काकूंना आणा. पोरगा मनापासून बोलत होता. पण त्याची बायको पोटुशी होती, आणि सोडून जायला त्याला दुसरी जागा नव्हती. आबाजीच्या जिभेवर हो आलं होतं. त्यानं ते गिळलं. "ऱ्हा रं," तो म्हणाला. "कार्तिकापत्तूर काय, कळ काढू." कळ काढायची होती ती त्यानं नव्हे, हे म्हणतानाच त्याला कळत होतं.

बायजाला सगळं सांगितलं तेव्हा तीही हसली. हसण्यानं तिला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाली, "बरं झालं तुमी इजवा म्हनला नाय. कुनाच्या घरात वंगाळ बोललो नाय आपून." आबाजीला वाटलं, हिनं चार शब्द बोलावे, भांडावं, लोकांच्या घरचं शुभ बघताना माझं बघायचं राहिलं का म्हणून विचारावं. तिनं विचारलं नाही. त्या दिवसानंतर हा प्रश्न तोच स्वतःला विचारत राहिला, रस्त्यानं जाताना, मीटरपुढे उभा असताना.

कार्तिक आला. खोलीतला माणूस निवृत्त झाला होता, पण गावाकडचं त्याचं घर शाकारून झालं नव्हतं. पंधरा दिवस द्या म्हणाला. मग आणखी थोडे दिवस. शेषाद्री साहेबांनी त्याला दोनदा तंबी दिली, पण कुणाला चाळीतून बाहेर फेकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आबाजीच्याही नव्हतं. मार्गशीर्षात थंडी उतरली. राजमाचीकडून येणारा वारा कडावच्या भातखाचरांवरून सरळ घरात शिरायचा, आणि दार तर लावायचं नव्हतं. बायजाचा दम चढतच गेला.

आबाजी चौक गावात एका घरी इस्त्री मोजत होता. कडावचा दूधवाला त्याला शोधत आला आणि दारातूनच म्हणाला, आबा, घरी चला. पेटी त्याच घरी ठेवून आबाजी निघाला. त्या दिवशी त्यानं मोटार ढकलली, शिवी न देता.

जना दारात बसली होती. ती रडत रडत जे बोलली त्याचा अर्थ एवढाच होता. रात्री दम फार चढला. जनानं पणती लावली, पण त्या धुरानं सासूची ढास थांबेना. बायजानंच हात हलवून पणती वाढवायला लावली. जना अंधारात तिची पाठ चोळत बसली, मग थकून तिथंच कलंडली. बायजा मेढीला टेकून बसलेली होती. उजाडलं तेव्हा दिसलं. कधी गेली ते कुणाला कळलं नाही. तिला ज्याचं भय होतं तसंच झालं.

आबाजीनं सगळं केलं. मुलाला निरोप धाडला, खांदा दिला, पाणी पाजलं. रडू त्याला आलं ते परत घरात शिरल्यावर. गावातल्या म्हाताऱ्यांनी मेढीजवळची जागा सारवून तिथं पिठाचं ताट ठेवलं होतं आणि ताटाशेजारी दिवा. जिथं जीव गेला तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा, रात्रंदिवस, आणि तो वाढू द्यायचा नाही, अशी आपली रीत आहे. गोडं तेल कुठून आणणार? करंजेलच घातलं होतं. वाऱ्यानं ज्योत हलू लागली तशी एका म्हातारीनं जाऊन दार लावून घेतलं. ते दार किती हिवाळ्यांत लागलं नव्हतं, बिजागरी कुरकुरली.

आठव्या दिवशी गुप्ते आले. खोली रिकामी झाली होती. साहेबांनी किल्ली त्यांच्याबरोबर धाडली होती, काय निरोप द्यावा ते न सुचून नुसतीच. गुप्त्यांनी ती आबाजीच्या हातात दिली आणि खोकत खोकत ते लगेच बाहेर अंगणात गेले. आत इतका धूर होता. आबाजीनं किल्ली परत त्यांच्या हातात ठेवली आणि ज्या कुणाच्या घरी गरज असेल त्याला द्या म्हणून सांगितलं. मग तो आत आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

दिव्यातलं तेल खाली गेलं होतं. त्यानं ते भरलं, वात पुढे सारली आणि मेढीला टेकून बसला. काळा धूर वर आढ्याला लागून परत खाली उतरत होता. उजेड मात्र चांगला पडला होता, मेढीपाशी सगळं दिसत होतं.